कुंडीतली माती कुठे जाते?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या निसर्ग मंडळाने मला बोलावले होते. डिसेंबरचे दिवस होते. शाळेच्या गच्चीवर तीस कुंड्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत टोमॅटोचे एकेक रोप आणि प्रत्येक कुंडीवर ते सांभाळणाऱ्या मुलाचे नाव रंगवलेले. रोपे मात्र वीत-दीड वीत वाढून थांबली होती आणि त्यांची खालची पाने हळदीसारखी पिवळी पडली होती. बाई म्हणाल्या, “सर, आमच्या आवारातला पालापाचोळा दरवर्षी झाडून जाळला जायचा. यंदा मुलांनीच तो जाळू दिला नाही. पोती भरून ठेवली, पाने हाताने चुरली आणि लागवडीच्या वेळी मातीत अर्धी-अर्धी मिसळली. बाजारचे कुठलेही खत घातले नाही. आणि हे असे झाले. आता आठवीतला एक मुलगा म्हणतो, माझे बाबा म्हणालेच होते, युरियाशिवाय काही होत नाही. त्याला मी काय सांगू?”

तो मुलगा शेजारीच उभा होता. त्याने आणखी एक प्रश्न विचारला. “सर, आम्ही कुंड्या काठोकाठ भरल्या होत्या. आता माती चार बोटे खाली गेलीय. खाली ताटल्या आहेत, त्यात तर काही आले नाही. मग माती गेली कुठे?”

मला हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटला, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर आहे. आणि खरे सांगायचे तर बाईंना दोष देण्याचा मला अधिकार नव्हता. मातीतल्या जिवाणूंवर संशोधन करण्यात उमेदीची वर्षे घालवूनही मी स्वतःच्या गच्चीवर पहिली बाग केली तेव्हा सुताराकडून फुकट मिळालेला लाकडाचा भुसा मोठ्या उत्साहाने मातीत कालवला होता. माझी वांगी या टोमॅटोंहून पिवळी पडली होती.

झाड मातीतून किती घेते?

सतराव्या शतकात बेल्जियमच्या प्रदेशात यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्माँट नावाचे एक वैद्य आणि रसायनज्ञ होऊन गेले. त्यांनी २०० पौंड कोरडी माती एका मोठ्या कुंडीत भरली, तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन भरले १६९ पौंडांच्या वर. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम दोन औंस कमी झाली होती. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकला, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड झाडाच्या शरीरात जातो हे कळायला आणखी दीडशे वर्षे लागायची होती. पण त्यांची मोजणी आजही उपयोगी आहे. झाड वाळवून पाहिले तर त्याच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कर्ब, ऑक्सिजन आणि हायड्रोजन या तीन मूलद्रव्यांचा असतो आणि तो हवा व पाणी यांतून आलेला असतो. मातीचा वाटा उरतो पाच-दहा टक्क्यांचा.

म्हणजे मुलाच्या कुंडीतली माती टोमॅटोने खाल्लेली नाही, एवढे निश्चित झाले.

मात्र तो दोन औंसांचा वाटा क्षुल्लक नव्हे. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह अशी सगळी मंडळी त्यात असतात. त्यांतले नत्र नसेल तर हरितद्रव्य तयार होत नाही आणि प्रकाशसंश्लेषण घडवून आणणारी विकरेही तयार होत नाहीत. शाळेतल्या रोपांची फक्त खालची, जुनी पाने पिवळी होती आणि शेंड्याची कोवळी पाने फिकट का होईना, हिरवी होती. ही नत्राच्या उपासमारीची खूण आहे. नत्र झाडाच्या अंगात हलवता येते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून कोवळ्या पानांना पुरवते. घरात धान्य संपत आले की आई ताटे वाढताना काय करते, तसेच काहीसे.

नत्राची उसनवारी

वाळक्या पानांतही नत्र असते. मग मातीत एवढी पाने मिसळूनही रोपे उपाशी का राहिली? कारण कुंडीत टोमॅटोखेरीज दुसरेही जेवणारे आहेत. चिमूटभर, म्हणजे ग्रॅमभर चांगल्या मातीत कित्येक कोटी जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला बुरशी, आदिजीव, सूत्रकृमी असतात. आपण मातीत घातलेला पालापाचोळा झाडाच्या ताटात पडण्याआधी यांच्या ताटात पडतो.

त्यांच्या जेवणाचा हिशेब मांडून पाहू. फळ्यावर मुलांकडून करून घेण्यासारखा आहे.

एक किलो वाळकी पाने घेतली तर त्यात सुमारे ४५० ग्रॅम कर्ब असतो. वाळक्या पानांत कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण बहुधा चाळीस ते ऐंशीस एक असते. आपण साठास एक धरू. म्हणजे नत्र झाले साडेसात ग्रॅम. जिवाणू कर्ब खातात तेव्हा त्यातला साधारण एक तृतीयांश त्यांच्या शरीरबांधणीत जातो. उरलेला दोन तृतीयांश ते ऊर्जेसाठी जाळतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. शरीरात गेला १५० ग्रॅम कर्ब. जिवाणूंच्या शरीरात आठ भाग कर्बाला एक भाग नत्र लागते. १५० भागिले ८ म्हणजे जवळजवळ १९ ग्रॅम नत्र हवे. पानांत आहे साडेसात. तूट सव्वाअकरा ग्रॅमची. ही तूट जिवाणू कुठून भरून काढणार? भोवतालच्या मातीतून. पण दहा किलो मातीत झाडाला लगेच उचलता येईल असे नत्र साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. मुळांच्या केसांपेक्षा जिवाणू चपळ, संख्येने अमाप आणि मातीच्या कणाकणाला चिकटलेले. ते अर्धा ग्रॅम त्यांनीच आधी उचलले आणि टोमॅटो बघत राहिला.

खरोखरीच्या कुंडीत हे सारे एका दिवसात घडत नाही, पानांचे सगळे घटक सारख्या वेगाने कुजतही नाहीत. पण दिशा हीच. लाकडाच्या भुशात हे प्रमाण दोनशे ते पाचशेस एक असते. माझ्या वांग्यांचे काय झाले असेल हे यावरून लक्षात यावे.

ही चोरी नव्हे, उसनवारी आहे. पानांतला सोपा कर्ब संपत आला की जिवाणूंची उपासमार सुरू होते. ते मरतात, किंवा आदिजीव आणि सूत्रकृमी त्यांना खातात. खाणाऱ्यांना एवढे नत्र लागत नाही, म्हणून जादाचे नत्र ते अमोनियाच्या रूपाने मातीत सोडून देतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि मुळांना ते मिळते. उसने परत येते, फक्त केव्हा येईल ते आपल्या लागवडीच्या वेळापत्रकावर अवलंबून नसते. बाईंनी पाने मिसळली ऑक्टोबरमध्ये आणि रोपेही लावली त्याच दिवशी. जिवाणूंची पंगत बसली असताना टोमॅटो दारात उभा राहिला.

मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच हिशेबात आहे. ४५० ग्रॅमपैकी ३०० ग्रॅम कर्ब हवेत गेला. पाणी घातल्याने माती थोडी दबली हे खरे, पण चार बोटांतला बराचसा भाग अक्षरशः हवेत उडाला. तो मूळचा हवेतूनच आलेला होता.

इंदूरचा धडा

पाने आणि नत्र यांचा मेळ कुंडीबाहेर आधीच घालून घ्यावा, हे कंपोस्टमागचे तत्त्व आहे. त्याला शास्त्रशुद्ध रूप मिळाले ते आपल्या जवळच, इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात काम केले. कापसाची पऱ्हाटी, पालापाचोळा, तण, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर देऊन, तीन वेळा उलथापालथ करून, तीन महिन्यांत खत तयार करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी बसवली. या कामाचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. रासायनिक बाजू वाडांनी सांभाळली होती. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव जगभर घेतले जाते, वाडांचे आपल्याकडेही क्वचित.

त्या पद्धतीचा गाभा असा, की ढिगाच्या सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण तीसास एकच्या आसपास असावे. आकडा कुठून येतो? वरच्या हिशेबातूनच. जिवाणूंना शरीरासाठी आठास एक लागते आणि त्याच्या दुप्पट कर्ब जाळायला लागतो, म्हणजे चोवीसास एक. थोडी सूट धरून पंचवीस ते तीस.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याला हे लावून पाहू. एक किलो भाजीच्या देठा-सालींत नव्वद टक्के पाणी असते. उरलेल्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ४५ ग्रॅम कर्ब आणि ३ ग्रॅम नत्र, म्हणजे पंधरास एक. इथे नत्र जास्त आहे. जिवाणूंना नको असलेले नत्र अमोनिया होऊन उडते आणि शेजारीण तक्रार घेऊन येते. आता त्यात २०० ग्रॅम वाळकी पाने घाला. कर्ब ९० ग्रॅम, नत्र दीड ग्रॅम. बेरीज केली तर कर्ब १३५, नत्र साडेचार. बरोबर तीसास एक! वजनाने पाचास एक म्हटले तरी वाळकी पाने हलकी असल्याने आकारमानाने ती ओल्या कचऱ्याइतकी किंवा थोडी जास्तच दिसतात. बादलीभर ओल्यासाठी बादलीभर वाळके, हे ध्यानात ठेवायला सोपे. पानांमुळे ढीग पोकळ राहतो आणि हवा खेळते, हा दुसरा फायदा. हवा कोंडली की प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि मग येणारा वास अमोनियाचा नसून सडक्या अंड्यांचा असतो. वासावरून दोष ओळखता येतो.

एका बाबतीत घरगुती बादली इंदूरच्या ढिगाची बरोबरी करू शकत नाही. साधारण घनमीटरभर आकाराचा ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेने तणांचे बी व बरेचसे रोगजंतू मरतात. बादलीतली उष्णता बाजूंनी निघून जाते. म्हणून रोगट झाडे आणि बी धरलेले तण घरच्या बादलीत टाकू नये.

खत तयार झाले हे कसे ओळखावे? ढीग निम्म्याहून कमी झालेला असतो, मूळची पाने ओळखू येत नाहीत आणि ओल्या मातीचा वास येतो. हा वास स्ट्रेप्टोमायसीस वर्गातल्या जिवाणूंच्या जिऑस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो. पहिल्या पावसाच्या सुगंधात त्याचाच मोठा वाटा असतो. शंका असेल तर मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवावे. उघडल्यावर आंबूस वास आला तर पंगत अजून उठलेली नाही.

मातीला रोज जेवायला लागते

इंग्रजी बागकामाची पुस्तके वाचून कुंडी भरणाऱ्यांची आपल्याकडे एक ठरलेली निराशा होते. कुजण्याचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो. इंग्लंडातल्या मातीचे वर्षाचे सरासरी तापमान दहा अंशांच्या आसपास, आपल्या पठारावर पंचवीस किंवा अधिक. तिथे जे खत तीन वर्षे पुरते ते इथे वर्षभरात संपते. उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत तर भिंतीलगतची माती उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाते. तिथली मुळेही भाजतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या किंवा बाहेरून पांढऱ्या रंगवल्या तरी बराच फरक पडतो.

‘सकस माती तयार करून ठेवली आहे, आता काळजी नाही’ असे आपल्या हवामानात म्हणता येत नाही. मातीतला सेंद्रिय कर्ब बँकेतल्या ठेवीसारखा पडून राहत नाही. तो सतत येत आणि जात असतो, आणि तो जळतो तेव्हाच झाडाला नत्र, स्फुरद मोकळे होतात. अजिबात न कुजणारे सेंद्रिय द्रव्य झाडाच्या फारसे कामाचे नाही. कुंडीतली माती खचते आहे याचा अर्थ ती जिवंत आहे. फक्त खचेल तितके वरून घालत राहायला हवे.

किती घालायचे, याचा अंदाज बांधता येतो. एक किलो टोमॅटो पिकवताना रोप साधारण अडीच-तीन ग्रॅम नत्र घेते. कुंडीतून तीन किलोंची अपेक्षा असेल तर आठ-नऊ ग्रॅम लागेल. चांगल्या कंपोस्टमध्ये कोरड्या वजनाच्या एक ते दीड टक्का नत्र असते, पण हंगामात त्यातले फार तर चौथाई मोकळे होते. दोन किलो कोरड्या वजनाच्या कंपोस्टमधून हाती लागते फार तर पाच ते साडेसात ग्रॅम. म्हणून निम्मे सुरुवातीला मिसळावे, निम्मे फुले येताना वरून द्यावे आणि तूट भरायला मूठभर शेंगदाणा पेंड द्यावी. पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र असते आणि ते लवकर मोकळे होते. गांडूळखतही उत्तम, पण त्यात क्षार बरेच असतात. कुंडीच्या पाव भागाहून अधिक घातले तर रोपाच्या पानांच्या कडा करपू शकतात. आणि खतातली गांडुळे कुंडीत सोडून काही साधत नाही. आयसेनिया किंवा युड्रिलससारख्या खत करणाऱ्या जाती पृष्ठभागावरच्या कुजक्या थरात राहतात, नुसत्या मातीत त्या टिकत नाहीत.

आणि वाळकी पाने? तीच पाने, चुरून मिसळण्याऐवजी, मातीवर तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन म्हणून पसरली असती तर बाईंची रोपे पिवळी पडली नसती. वर पसरलेल्या पानांचा मातीशी संबंध फक्त खालच्या पातळ थरापुरता येतो. जिवाणूंना उसने घ्यायला मातीतले नत्र हाताशी नसते, म्हणून ती सावकाश कुजतात. दरम्यान पाणी कमी उडते, ऊन थेट मातीवर पडत नाही. जंगलात कोणी पालापाचोळा मातीत कालवत नाही.

जीवामृताबद्दल शिक्षक हमखास विचारतात. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती, हे एकराचे प्रमाण सांगितले जाते. त्यातले सगळे नत्र मोजले तर पाव किलोही भरत नाही. एकरभर पिकाला तीस-चाळीस किलो किंवा अधिक लागते. मातीत जिवाणू आधीच कोट्यवधी असतात, तुटवडा त्यांच्या अन्नाचा असतो, त्यामुळे बाहेरून चार जिवाणू सोडून मोठा फरक पडेल असे मला वाटत नाही. जीवामृत वापरणाऱ्या काही शेतकऱ्यांची जमीन खरोखर सुधारलेली मी पाहिली आहे. पण ते शेतकरी पाचट जाळत नाहीत, भरपूर आच्छादन करतात. माझ्या मते श्रेय बहुतांशी त्या आच्छादनाचे आहे.

पाणी आणि हवा

कुंडीतली रोपे उपासमारीपेक्षा गुदमरून अधिक मरतात. आपल्याकडची काळी माती बेसाल्टपासून झालेली. तिचे चिकण कण पाणी आणि पोषक द्रव्ये धरून ठेवण्यात पटाईत, पण कुंडीत ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग काळी माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग विटांचा भरड चुरा किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, असे मिश्रण मला चालले आहे. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीची अडचण उलटी असते, तिथे कंपोस्ट वाढवावे.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती चुकीची आहे. हे पटायला भांडी घासायचा आयताकृती स्पंज पुरतो. तो पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल! बारीक छिद्रांच्या पदार्थात तळाजवळ काही उंचीपर्यंत पाणी अडकून राहतेच. आडव्या स्पंजात तो ओला थर बहुतेक सगळी उंची व्यापतो, उभ्या स्पंजात फक्त खालचा भाग. कुंडीत खडी घातली तर पाणी खडीत सहजी उतरत नाही, मातीच्या तळाशीच अडते, आणि मातीची उंची तेवढी कमी झाल्याने मुळांना मिळणारा हवेशीर भाग घटतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. उथळ ट्रेपेक्षा खोल कुंडी बरी, तीही याच कारणाने.

पानांची भाषा

सगळाच पिवळेपणा नत्राचा नसतो. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. लोह झाडाला जुन्या पानांतून काढून नेता येत नाही, म्हणून फटका नव्या पानांना बसतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह भरपूर असते, पण सामू आठाच्या आसपास असल्याने ते विरघळत नाही. बोअरचे जड पाणी त्यात भर घालते. अशा कुंडीत अंड्याची टरफले किंवा राख घालणे म्हणजे दुखण्यात भर. टरफले म्हणजे चुनाच, आणि राखही अल्कधर्मी. आम्लधर्मी जांभ्या मातीत टरफलांची बारीक पूड मात्र हळूहळू उपयोगी पडते. जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग तेवढा पिवळा पडला तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा.

नत्र जास्त झाले तरी पंचाईत होते. पाने गर्द हिरवी, लुसलुशीत होतात, फुले येत नाहीत आणि मावा जमतो. मुंग्यांची ये-जा दिसली की पाने उलटून पाहावीत. थोडा मावा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा आणि ढालकिड्यांची वाट पाहावी. फारच वाढला तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून, थोडा साबणचुरा घालून फवारावी. फवारणी संध्याकाळी करावी, कारण त्यातले ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होते.

हंगाम संपल्यावर झाड उपटू नये, बुंध्याशी कापावे. मुळे आत कुजली की त्यांच्या जागी हवेच्या नळ्या राहतात. शिवाय मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचे जाळे शाबूत राहते. स्फुरद मातीत फारसा हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटर भाग रिकामा करते आणि पुढचा या बुरशीच्या केसाहून बारीक धाग्यांमार्फत मिळवते. मोहरी, मुळा, कोबी आणि पालक या बुरशीशी नाते जोडत नाहीत, टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी जोडतात.

तीस कुंड्यांचे पुढे काय झाले

मिसळलेली पाने परत काढता येत नव्हती. मी बाईंना सुचवले की कुंड्यांचे तीन गट करा. दहा कुंड्यांना लिटरभर पाण्यात पाव चमचा युरिया विरघळवून द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. दहांना शेंगदाणा पेंड भिजवून तिचे पाणी आठवड्यातून एकदा. दहांना फक्त पाणी. सेंद्रिय बागेत युरिया आणल्याबद्दल बाईंना वाईट वाटले, पण जिवाणूला किंवा मुळाला नायट्रेट कुठून आले ते कळत नाही, आणि त्या मुलाच्या बाबांचे म्हणणे तपासायचे तर ते टाळता येणार नव्हते.

युरियाच्या कुंड्या आठवडाभरात हिरव्या झाल्या. बाबा अर्धे बरोबर होते. पेंडीच्या कुंड्यांना तीन आठवडे लागले, पण नंतर त्या मागे राहिल्या नाहीत. नुसत्या पाण्याच्या कुंड्या जानेवारीभर तशाच खुरटलेल्या होत्या. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांना, कोणी काही न घालता, नवी हिरवी पाने फुटू लागली. उसने परत येत होते. तोवर ऊन तापले आणि फळे काही फारशी धरली नाहीत.

ज्यांना हा प्रयोग वर्गात मुद्दाम करायचा आहे त्यांनी टोमॅटोऐवजी गहू किंवा मका घ्यावा. तीन कुंड्या पुरतात. एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि तीन-चार मुठी लाकडाचा भुसा, तिसरीत तेवढाच भुसा आणि चिमूटभर युरिया. बी मोड येताना स्वतःच्या साठ्यावर जगते, म्हणून पहिले दोन आठवडे फरक दिसत नाही. मुलांचा उत्साह तेवढा टिकवावा लागतो. मेथी, मूग किंवा चवळी मात्र घेऊ नये. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात आणि प्रयोग फसतो.

शाळेने जूनमध्ये त्या तीसही कुंड्यांत, माती न बदलता, मिरची लावली. पाने आता वरून पसरली होती. मी ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा तो मुलगा नववीत गेला होता. त्याने कुंडीच्या आतल्या बाजूला खिळ्याने रेघा ओढून ठेवल्या होत्या, दर महिन्याला माती कुठवर उतरली त्याच्या. सगळ्यांत मोठे अंतर एप्रिल आणि मे यांच्या रेघांमध्ये होते.